दुसऱ्या सहीची तारीख

आमच्या लग्नाच्या तारखा दोन आहेत. घरात कुणालाही विचारा, ८ डिसेंबर २०१९ सांगतील. त्या दिवशी डिचोलीत दारात मांडव होता, सावंतवाडीहून माझी माणसं दोन गाड्या भरून आली होती आणि अक्षता पडल्या. दाखल्यावर मात्र १८ ऑक्टोबर २०१९ आहे. त्या दिवशी आम्ही सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात दुसरी सही केली. गोव्यात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पहिली सही, मग पंधरा दिवसांची मुदत, मग दुसरी सही, आणि कायद्याने लग्न झालं ते तिथेच. मी सावंतवाडीची. आमच्याकडे लग्न आधी लागतं, नोंदणी सवडीने होते. त्यामुळे त्या सहीला मी साखरपुड्याइतकंच महत्त्व दिलं. सही झाल्यावर बाजारात जाऊन पातळभाजी-पाव खाल्ला आणि आपापल्या घरी गेलो.

या दोन तारखांमध्ये ५१ दिवसांचं अंतर आहे. ते आम्हाला महागात पडलं.

मी तेव्हा वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत अकाउंट्सला होते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, तीन लाखांचा. त्यात नवरा आणि मुलं कंपनीच्या खर्चाने. लग्नाची रजा संपवून कामावर रुजू झाले त्याच दिवशी नवऱ्याचं नाव घालायचा अर्ज दिला. एचआरच्या मॅडमनी दाखला पाहिला आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून तीस दिवसांत कळवायचं असतं गं."

"मॅडम, आज अकरावाच दिवस आहे."

त्यांनी दाखल्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"त्या दिवशी आम्ही फक्त सही केली होती. लग्न डिसेंबरात झालं."

"मला कळतंय. पण विमा कंपनी दाखला बघते, पत्रिका बघत नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. ग्रुप पॉलिसीत वर्षाच्या मध्ये माणूस घालता येतो तो अशाच कारणांनी: लग्न झालं, मूल झालं. आणि त्यालाही मुदत असते. ती गेली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबायचं. आमच्या कंपनीचं नूतनीकरण १ एप्रिलला.

फेब्रुवारीत, कार्निवलच्या आठवड्यात, दुकान बंद करून येताना अस्नोड्याच्या वळणावर नवऱ्याची स्कूटर घसरली. मनगटाचं हाड मोडलं. रात्रीची वेळ, जवळचं म्हणून म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात नेलं. प्लेट बसवावी लागली, बिल झालं ४१,६०० रुपये. घरात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं, पण ते दरवर्षी नवं करावं लागतं, आणि त्याची मुदत लग्नाच्या धावपळीतच संपलेली. माझ्या पॉलिसीत नाव नाही, कार्ड चालू नाही. लग्नात आलेल्या अहेराच्या पाकिटांतून आणि सासऱ्यांनी मोडलेल्या एका ठेवीतून ते पैसे भरले. सासरे एक शब्द बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दिवसभर कंपनीचे आकडे जुळवणारी मी, आणि स्वतःच्या घरची एक तारीख माझ्या लक्षात आली नव्हती.

त्यानंतर एक वही केली. साधी शंभर पानी. घरातल्या प्रत्येकाचं एक पान: कोण कुठल्या पॉलिसीत, कधीपासून, नाव कुठल्या कागदावर कसं लिहिलंय.

२०२१ च्या फेब्रुवारीत सासरे गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी वही उघडली तेव्हा घरात कुणाला ते फारसं आवडलं नसावं, पण १ एप्रिल दीड महिन्यावर होता आणि आमच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांना फक्त नूतनीकरणाच्या वेळीच घालता यायचं, तेही स्वतःचा प्रीमियम भरून. शिवाय अट अशी की स्वतःचे आईवडील घाला किंवा सासू-सासरे घाला. दोन्हीकडचे नाहीत, एकीकडचा एक आणि दुसरीकडचा एक असंही नाही. आणि एकदा निवडलं की बदल नाही.

हा रकाना भरताना माझा हात थांबला. माझे वडील एसटीतून निवृत्त झालेले, आईला दमा. मुलीने आपल्या पगारातून आपल्याच आईबापांना मागे ठेवायचं आणि सासूला घ्यायचं, हे कागदावर टिक करून ठरवायची वेळ कुणावर येऊ नये असं मला आजही वाटतं. दोन दिवस मी फॉर्म बॅगेत घेऊन फिरले. शेवटी आईनेच फोनवर सोडवलं. माझा भाऊ पुण्याला आहे, त्याच्या कंपनीने तिला आणि बाबांना आधीच घेतलं होतं. ती म्हणाली, "आमचं झालंय. त्यांचं आता कोण आहे? त्यांना घाल." १ एप्रिल २०२१ पासून सासूबाईंचं नाव लागलं. साखर आणि रक्तदाब, दोन्ही फॉर्मवर लिहिलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्याच सुमारास दीनदयाळ कार्डावरूनही सासऱ्यांचं नाव काढून घेतलं. गोव्यात पाच वर्षं वास्तव्य असलेल्या बहुतेक सगळ्या कुटुंबांना, उत्पन्न कितीही असो, ही योजना आहे, २०१६ पासून. आमच्यासारख्यांनी तिला गरिबांचं कार्ड समजून बाजूला ठेवू नये. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. सासरे गेल्यावर आम्ही तीन उरलो, म्हणजे संरक्षणही अडीच लाखांवर आलं. माणूस गेल्याचा हाही एक हिशोब असतो, तो कुणी सांगत नाही.

मुलगी झाली १४ ऑगस्ट २०२२ ला. पावसाची रात्र, रविवार. वेणा पहाटे दोनला सुरू झाल्या होत्या. म्हापशाच्या इस्पितळात भरती करताना काउंटरवर नाव सासूबाईंनी सांगितलं: माझं नाव, नवऱ्याचं नाव, आमचं आडनाव. त्यांच्या दृष्टीने बरोबरच. पण माझं आधार, पॅन, पगार, पॉलिसी सगळं माहेरच्या नावावर. मी लग्नानंतर नाव बदललंच नव्हतं. सिझेरियन झालं. बिल विमा कंपनीने थेट इस्पितळाला भरावं अशी कॅशलेसची विनंती गेली आणि टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, उलट प्रश्न आला: पॉलिसीतली बाई आणि पलंगावरची बाई एकच आहे याचा पुरावा द्या.

पोटावर ताजे टाके, बाजूच्या खोलीत बाळ काविळीमुळे निळ्या दिव्याखाली ठेवलेलं, डोळ्यांवर पांढरी पट्टी, आणि मी नवऱ्याला फोनवर सांगतेय की कपाटात वरच्या खणात, निळ्या फाइलमध्ये, लग्नाचा दाखला आहे, त्याचा फोटो काढून पाठव. दोन्ही नावं एका कागदावर असलेला तो एकच कागद होता. २०१९ ला ज्याने आमची वाट अडवली, त्यानेच या वेळी मार्ग काढून दिला. मंजुरी संध्याकाळी आली. प्रसूतीला आमच्या पॉलिसीत ५०,००० ची मर्यादा होती, बाकीचं आम्ही भरलं.

नवऱ्याला मी दुसऱ्याच दिवशी काउंटरवर पाठवलं, इस्पितळाच्या नोंदीतलं माझं नाव दुरुस्त करून घ्यायला. कारण जन्माची माहिती इस्पितळ नगरपालिकेला पाठवतं. आईचं नाव तिथे चुकलं असतं तर मुलीच्या जन्मदाखल्यावर उतरलं असतं, आणि मग शाळेपासून पासपोर्टपर्यंत तीच चूक पुढे गेली असती. दुरुस्ती एका अर्जावर झाली. आठवड्याने गेलो असतो तर झाली नसती असं तिथल्या बाईंनीच सांगितलं.

बाळाचं पॉलिसीत नाव घालायला पुन्हा तेच तीस दिवस. म्हणजे १३ सप्टेंबर. मी तिसऱ्याच दिवशी पलंगावरून मेल टाकला. उत्तर आलं: नोंद घेतली आहे, जन्मदाखला आला की एंडोर्समेंट होईल, म्हणजे नाव पॉलिसीत चढेल. आणि मध्ये चवथ, म्हणजे गणपती. गोव्यात चवथीच्या आधी आणि नंतर सरकारी कार्यालयात कुठला कागद हलवून घेणं सोपं नसतं, माणसं गावाला असतात. त्या वर्षी चवथ ३१ ऑगस्टला होती.

बारशाला नाव ठेवलं, पण ते दाखल्यावर घालायचं की नाही यावर घरात चर्चा. सासूबाईंना पत्रिका पाहून अक्षर बदलायचं होतं. माझ्या डोक्यात एकच: दाखला लवकर हवा. तेव्हा कळलं की जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. आणि विमा कंपनीलाही नाव लागत नाही. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, एवढ्यावर बाळ पॉलिसीत जातं. बाळ म्हापशात जन्मलं म्हणून नोंद म्हापसा नगरपालिकेत, डिचोलीत नव्हे. नवऱ्याने दोन खेपा घातल्या. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी दाखला हातात आला.

त्या संध्याकाळी घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होते. सुपारीचे शिंपुटे, तोरिंगण, माट्टुलीच्या वेली, चिबूड, सगळं जमिनीवर पसरलेलं. मी कोपऱ्यात पाटावर बसून, मांडीवर बाय झोपलेली, मोबाइलवर दाखल्याचा फोटो जोडून मेल पाठवला. दीर स्टुलावरून ओरडत होते, "वैनी, सुंभ दी गो!" मी म्हटलं, एक मिनिट. मेल गेल्याची खूण दिसली तेव्हाच उठले. ७ सप्टेंबरला बाळाचं ई-कार्ड आलं. काविळीच्या चार दिवसांचं २७,००० चं वेगळं बिल पुढे मंजूर झालं ते याच नोंदीवर. दीनदयाळ कार्डावरही तिचं नाव घातलं. आम्ही पुन्हा चार झालो.

मग दोन वर्षं वही तशी शांत होती. कंपनीच्या बसमध्ये मात्र लोक मला विचारू लागले. पॅकिंगमधल्या एका मुलीचा पगार वाढून एकवीस हजारांच्या वर गेला आणि ती पेढे वाटत होती. मी तिला विचारलं, ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं काय? तिला माहीतच नव्हतं की २१,००० च्या वर गेलं की ईएसआय सुटतं. चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, तिच्यावर पुढे काही महिने उपचारही मिळतात, पण त्यानंतर नाही. तिच्या आईचं डायलिसिस त्यावर चालू होतं. तिला मिळालेल्या त्या वेळात तिने कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईचं नाव घालून घेतलं. पगारवाढ ही आनंदाचीच गोष्ट, पण विम्याच्या दृष्टीने तीही लग्नासारखीच एक घटना आहे.

२०२४ मध्ये मी नोकरी सोडायची ठरवली. डिचोली ते वेर्णा जाऊन-येऊन तीन तास, जुवारीवर अडकलो तर चार. मुलगी झोपेतून उठायच्या आत निघायचं आणि ती झोपल्यावर यायचं. डिचोलीच्या बाजारात दुकानांचे हिशोब लिहायचं काम मिळत होतं. राजीनामा १ सप्टेंबरला दिला, शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर.

राजीनाम्याच्या आधी मी पॉलिसी वाचली. शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता माझं आणि माझ्यामुळे इतर तिघांचं संरक्षण संपणार होतं. नवरा, मुलगी यांची चिंता कमी होती. सासूबाईंची होती. वय ६६, साखर, रक्तदाब. नव्याने पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पूर्वी हे चार वर्षं असायचं, विमा नियामकाने २०२४ मध्ये तीनवर आणलं. पण ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणारा माणूस त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाऊ शकतो, आणि ग्रुपमध्ये घालवलेला काळ त्याच्या खात्यात धरला जातो. याला मायग्रेशन म्हणतात. (दुसऱ्या कंपनीत जाणं ते पोर्टिंग. त्याचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो.) १ एप्रिल २०२१ पासून ३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्रेचाळीस महिने होत होते. छत्तीस पुरे होते.

नवऱ्याच्या दुकानात येणारे एक एजंट होते, ओळखीतले, चांगले गृहस्थ. ते घरी आले, चहा झाला, आणि म्हणाले, "वहिनी, मायग्रेशनच्या भानगडीत पडू नका, तीन महिने घोळवतील. फ्रेश काढूया. शुगरचा रकाना मोकळा सोडू, टेस्ट होणार नाही अशी पॉलिसी बघतो. पाच वर्षं झाली की कंपनी काही विचारू शकत नाही."

पाच वर्षांचं त्यांनी म्हटलं ते अर्धंच खरं. सलग साठ महिने भरल्यावर माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही कवच नाही. आणि त्या साठ महिन्यांत काही झालं तर? सहासष्ट वर्षांच्या बाईने पाच वर्षं आजारी पडायचं नाही असं कसं ठरवायचं? मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून आल्या. त्या आमच्याशी कोंकणीत बोलतात, पोथी आणि पेपर मात्र मराठीत वाचतात. म्हणाल्या, "बरय गो सगळें. लिपोवन कितें मेळटलें?" (लिही गं सगळं. लपवून काय मिळणार?) एजंट थोडे ओशाळले, चहा संपवून गेले. मला त्या क्षणी सासूबाईंचा फार आधार वाटला.

अर्ज मी विमा कंपनीला थेट पाठवला, सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात. सासूबाईंची पॉलिसी वेगळी ठेवली. कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत प्रीमियम सगळ्यात मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो, त्यामुळे त्यांना आमच्यात घेतलं असतं तर चौघांचाही भार वाढला असता. आम्हा तिघांना दहा लाख, त्यांना पाच. जुना काळ फक्त जुन्या रकमेपुरताच मोजतात, म्हणजे तीन लाखांपर्यंत. वरच्या दोन लाखांना प्रतीक्षा नव्याने. ऑक्टोबरात डिचोलीला लॅबमध्ये रक्त, ईसीजी झालं. निघण्याआधी मी एचआरकडून चार वर्षांची सगळी ई-कार्डं आणि कोण कधीपासून पॉलिसीत होतं याचं एक पत्र मागून घेतलं. मॅडमनी कुरकुर न करता दिलं.

३० ऑक्टोबरला संध्याकाळी सात वाजता पॉलिसीचा मेल आला. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. वाड्यावर पोरं नरकासुराला कागद चिकटवत होती, ढोल वाजत होते. मी सासूबाईंची पॉलिसी उघडली आणि आधी नाव, जन्मतारीख, आजार पाहिले. सगळं ठीक. मग तिसऱ्या पानावर एक छोटा रकाना होता, प्रथम विमा सुरू झाल्याची तारीख. तिथे छापलं होतं ३१/१०/२०२४.

म्हणजे त्रेचाळीस महिने गेले. प्रीमियम भरलेला, कागद दिसायला बिनचूक, आणि एका तारखेने त्यांचे साखरेचे, मोतीबिंदूचे, सांध्याचे सगळे आजार पुन्हा रांगेच्या शेवटी उभे केलेले. हा रकाना कुणी वाचत नाही. क्लेम नाकारल्यावर वाचतात.

पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवस ती तपासायला आणि नको असेल तर परत करायला मिळतात. त्याच रात्री लेखी तक्रार टाकली. उत्तर आलं, "सिस्टीममध्ये ग्रुपची माहिती दिसत नाही." मी चारही ई-कार्डं आणि एचआरचं पत्र पाठवलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवलं आणि लिहिलं की पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर जाईन. सोळाव्या दिवशी दुरुस्त पॉलिसी आली. ०१/०४/२०२१. मी ते पान छापून घेतलं आणि वहीत चिकटवलं.

पुढच्या मे महिन्यात सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. नव्या पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबायला लावतात. टीपीएने एकच विचारलं, पॉलिसी कधीपासून आहे. बिल ४६,०००, एका डोळ्याची मर्यादा ४०,०००, तेवढे मंजूर. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा पेपर हातात घेतला आणि बारीक छपाईतली मृत्यूची नोंद चष्म्याशिवाय वाचून दाखवली, त्यांच्या बालपणीच्या मैत्रिणीची होती. मग बराच वेळ गप्प बसल्या.

२०२५ च्या ऑक्टोबरात नूतनीकरणाची नोटीस आली. आदल्या वर्षी त्यांचा प्रीमियम २१,४०० आणि वर अठरा टक्के जीएसटी ३,८५२ धरून २५,२५२ भरला होता. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळे या वेळी २१,४०० च. वाचलेल्या पैशांतून त्यांच्या डाव्या डोळ्याचा वरचा खर्च बराचसा भागेल.

पैसे भरले, नवी प्रत आली. आधी तिसरं पान उघडलं. ०१/०४/२०२१. मग बाकीची पानं वाचली.